कर्टिस ओलेन्युकची दुपारची झोप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या आयर्न फोर्क लँटर्न्स क्लबचे प्रमुख माननीय हॅरल्ड ट्रेगिअरसाहेब, व्यासपीठावर बसलेले आपले प्रशिक्षक श्री. मार्सेल बूशे, कॅनडातल्या सास्कॅचेवानहून दोन दिवस बसचा प्रवास करून आलेल्या आणि पहिल्या रांगेत अंगावरचा कोट न काढता बसलेल्या आदरणीय ओलेन्युकबाई, लँटर्न्सचे आजी-माजी खेळाडू, अग्निशामक दलाची मंडळी, ज्यांनी आपल्यासाठी हे सभागृह रिकामं केलं आणि आपले बंब बाहेर एप्रिलच्या बर्फात उभे केले, आत स्वयंपाकघरात मांस-बटाट्याच्या पास्टी गरम करत असलेल्या भगिनी, आणि गेली बारा वर्षं मी ज्याला रोज शिव्या घालत आलो तो आजचा सत्कारमूर्ती कर्टिस ओलेन्युक, म्हणजे आपला ओली, आणि बंधुभगिनींनो.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो, मी रे सारेला. या क्लबचा सामानवाला. सदतीस वर्षं मी या गावच्या, बर्फावर हॉकी खेळणाऱ्या पोरांचे मोजे धुतले, स्केट्सना धार लावली, फाटलेले हातमोजे शिवले आणि पाठीवर नावाच्या पट्ट्या शिवल्या. बोलणं हे माझं काम नाही. माझ्या पट्ट्यांवर नाव असतं, क्रियापद नसतं.

हसलात, बरं वाटलं. आता थोडा वेळ तरी हसू नका.

कार्यक्रमपत्रिकेत सत्कारमूर्तींचं भाषण शेवटी छापलं होतं. तशीच रीत आहे. पण ओली म्हणाला, "पास्टी पोटात गेल्यावर कोण ऐकतंय? मी आधी बोलतो, मग या म्हाताऱ्याला बोलू दे, त्याच्या भाषणात लोकांना झोपू दे." म्हणून तो आधी बोलला. मी चार पानी भाषण लिहून आणलं होतं. आपल्या वाचनालयाच्या बाईंनी ते तपासून दिलं, तीन विनोद काढून टाकले. उरलेले दोन बरे होते. पण ते चार कागद मी आता घडी करून खिशात ठेवतोय, कारण वीस मिनिटांपूर्वी ओली इथे उभा राहून जे बोलला, त्यानंतर ते वाचायला माझी जीभ धजत नाही.

काय म्हणाला तो? तुम्ही ऐकलंतच, पण मला ते माझ्या तोंडाने पुन्हा म्हणू द्या. तो म्हणाला, "दहा वर्षांपूर्वी जानेवारीत एका शनिवारी दुपारी मला क्लबमधून काढणार होते. रे काळी पिशवी घेऊन माझ्या दारापर्यंत आला होता. मी जागा होतो. तो कितीतरी वेळ दाराबाहेर उभा राहिला आणि दार न वाजवताच परत गेला. खाली जाऊन तो कोणाशी भांडला, काय बोलला, मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही. पण मी राहिलो. आज मी जो काही आहे तो त्या न वाजवलेल्या दारामुळे आहे."

आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. उभे राहून वाजवल्यात. ट्रेगिअरसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, ती अजून दुखते आहे.

मंडळी, त्या टाळ्या मला परत करायच्या आहेत. मी कोणाशी भांडलो नव्हतो. मी त्याला वाचवलं नव्हतं. मी त्या दाराशी का गेलो होतो आणि का परत आलो, हे या जगात एकट्या मला माहीत आहे, आणि ओली खेळणं थांबवून सोमवारी गाव सोडून चाललाय. आज नाही बोललो तर ते त्याच्या आभारांसकट माझ्याबरोबर मातीत जाईल. बूशेसाहेब, घड्याळ बघू नका. मी वेळ घेणार आहे.

आधी बाहेरच्यांना आपल्या घराची रचना सांगतो. हॉकी हे तीन मजली घर आहे. वरच्या मजल्यावर मोठी लीग. तिथे दिवे, टीव्ही, विमानं. मधल्या मजल्यावर मधली लीग, तिथली पोरं दिवसभर छताकडे बघत असतात. आणि तळमजल्यावर, जिथे घरातले लोक बूट काढून ठेवतात, तिथे आपण. आपल्याकडे येणारा प्रत्येक पोरगा म्हणतो, "रे, मी इथे फार दिवस नाही हं." मी म्हणतो, "बरं बाबा, मग पट्टी कच्च्या टाक्याने शिवतो."

माझ्या खणात अशा काढून ठेवलेल्या पट्ट्या चारशेच्या वर आहेत. कधी दुपारी रिंकवर, म्हणजे आपल्या बर्फाच्या मैदानावर, कोणी नसलं की मी तो खण उघडून बसतो. डेल्माँटी तीन हंगाम होता, त्याचा गुडघा गेला, आता तो शाळेची बस चालवतो आणि वळणावर इतका हळू घेतो की पोरं वैतागतात. एक स्वीडिश पोरगा होता, त्याला आपला बर्फ ओला वाटायचा. घरी गेला, खिडक्या विकतो, नाताळला कार्ड पाठवतो. प्रूइट नावाचा गोलरक्षक फक्त तीन आठवडे होता. त्याचा चेहरासुद्धा मला आठवत नाही, पण त्याच्या पट्टीवरचा टाका आठवतो, कारण दोरा संपला होता आणि मी निळ्याच्या जागी काळा वापरला होता. या सगळ्यांतून वरच्या मजल्यावर किती गेले? दोन. त्यातला एक अकरा मिनिटं खेळला. त्या अकरा मिनिटांची चित्रफीत तो अजून आपल्या इन्शुरन्सच्या ऑफिसात गिऱ्हाइकांना दाखवतो म्हणे. मी असतो तर मीही दाखवली असती.

आता ती काळी पिशवी. ज्या पोराला क्लब काढतो, त्याला मोठी खेळाची बॅग मिळत नाही, कारण ती क्लबच्या मालकीची. त्याचं स्वतःचं सामान, स्केट्स, पॅड, हेल्मेट, कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरायचं आणि त्याच्या हातात द्यायचं, हे काम कोणाचं? सामानवाल्याचं. प्रशिक्षक नंतर दोन गोड शब्द बोलतो, पण खबर पिशवीच देते. माझ्या हातात काळी पिशवी दिसली की ड्रेसिंग रूममधली बडबड एकदम थांबते. पोरं आपापल्या बुटांच्या नाड्या बघायला लागतात. आणि त्या पिशवीचं नाव कोणी काढत नाही. नाव काढलं की ती येते, असं मानतात. ओली दहा वर्षं याबद्दल एक अक्षर का बोलला नाही, हे खेळाडूंना सांगायला नको. त्याने आज पहिल्यांदा तो शब्द उच्चारला, कारण आता त्याला कोणी काढू शकत नाही. तो आपणहून चाललाय.

दुसरी गोष्ट, दुपारची झोप. सामन्याच्या दिवशी एक ते साडेतीन खेळाडू झोपतो. फोन बंद, पडदे बंद. हे आमच्याकडे देवळाच्या नियमासारखं पाळतात. बायका त्या वेळात पोरांना शेजारी पाठवतात. एकदा या गावात एका खेळाडूच्या बायकोला कळा सुरू झाल्या, तर ती त्याला न उठवता टॅक्सीने इस्पितळात गेली, आणि गावाने तिचं कौतुक केलं. झोपेच्या बाबतीत ओली तर सगळ्यांचा गुरू. रिंकसमोर, हार्डवेअरच्या दुकानावर याची खोली. दारावर एक पुठ्ठा लटकवलेला: "झोपलोय. आग लागली तरच उठवा. लहान असेल तर तुम्हीच विझवा."

अग्निशामक दलाला हे आवडलेलं दिसतंय.

ओली आमच्याकडे आला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. पुढचे दोन दात आधीच गेलेले. बचावपटू. गोल करणारे वेगळे असतात, त्यांना लोक ओळखतात. बचावपटूला फक्त सामानवाला ओळखतो, कारण कोणत्या पॅडवर पक, म्हणजे ती टणक रबरी चकती, किती वेळा आदळली ते त्याला धुताना दिसतं. ओलीचे पॅड बघून मी घरी आयलीला म्हणालो होतो, "हा पोरगा स्वतःला भिंत समजतो." आयली म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, "मग त्याला जेवायला बोलाव. भिंतीलाही पोट असतं." बोलवायचं राहून गेलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात आयली गेली.

तिच्या दफनाला क्लबची सगळी पोरं आली, रांगेत उभी राहिली, गेली. पोरं ती, त्यांना काय बोलणार? पुढच्या रविवारी दुपारी दार वाजलं. उघडलं तर ओली. हातात बेकरीतल्या दोन पास्टी. म्हणाला, "इथल्या पास्टीत सलगम घालतात की गाजर, यावरून बेकरीत भांडण झालं. निकाल तुझ्याकडे आलाय." मी म्हणालो, "सलगम. गाजर घालणाऱ्याला गावाबाहेर काढतात." तो आत आला, जेवला. मग प्रत्येक रविवारी येऊ लागला. मी सूप करायचो. मला सूप येत नाही, त्यात मीठ फार पडायचं. तो दोन वाडगी प्यायचा आणि मग चार ग्लास पाणी. कधी आम्ही सौना, म्हणजे परसातली वाफेची खोली, तापवायचो. फार बोलायचो नाही. तो गेल्यावर मी दोन ताटल्या विसळायचो. मंडळी, ज्यांचं माणूस गेलंय त्यांना सांगायला नको. एक ताटली विसळणं आणि दोन ताटल्या विसळणं यात किती फरक असतो.

हे मी का सांगतोय? वेळ काढतोय म्हणून नाही. हो, थोडा वेळ काढतोयही. पण हे त्या दुपारशी जोडलेलं आहे.

तो शनिवार. संध्याकाळी सातला आपल्याच रिंकवर सामना. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ड्रेसिंग रूममधला भिंतीवरचा फोन वाजला. तिथे मी एकटा, स्केट्सना धार लावत होतो. पलीकडून आवाज आला, "तुमचे प्रशिक्षक कुठे आहेत?" त्या वेळचे प्रशिक्षक वेगळे होते. ते गोठलेल्या तळ्यावर, मासे पकडायच्या खोपटात. तिथे फोन लागत नाही, म्हणूनच तर ते तिथे जायचे. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही कोण?" मी म्हणालो, "सामानवाला." तो म्हणाला, "मग तुम्हीच ऐका."

तो वरच्या मजल्यावरचा माणूस होता. मोठ्या लीगचा. त्यांचे दोन बचावपटू जायबंदी. मधल्या मजल्यावरचा संघ पार कॅलिफोर्नियात, निम्मे तापाने आडवे. त्या रात्रीच्या सामन्याला एक माणूस हवा होता. म्हणाला, "माझ्यासमोर दोन नावं आहेत. एक तुमचा ओलेन्युक, एक दुसऱ्या गावचा. ओलेन्युकचा फोन बंद आहे. तीन दहाचं विमान आहे. त्याला गाठा आणि अर्ध्या तासात मला कळवा. नाहीतर मी दुसऱ्याला घेतो."

ओली, मान वर कर. काळ्या पिशवीची गोष्ट नव्हती रे ती. तुला काढत नव्हते. तुला बोलावत होते.

बसा, मंडळी. कृपा करून बसा. ट्रेगिअरसाहेब, मला पुरं करू द्या.

मी धावत सुटलो. ओलीचं सगळं सामान काढलं. क्लबची मोठी बॅग धुऊन वाळत टाकली होती, अजून पाणी निथळत होतं. हातात आली ती काळी पिशवी. त्यात पॅड कोंबले, हेल्मेट कोंबलं, नुकतीच धार लावलेले स्केट्स फडक्यात गुंडाळून वर ठेवले. चांगली धार होती, मी मुद्दाम अंगठ्याने पाहिली. रस्ता ओलांडला, हार्डवेअरच्या दुकानाचा जिना चढलो, पिशवी खांद्यावर. ओलीने आत प्लास्टिकची सळसळ ऐकली असणार, आणि माझा डावा पाय जिन्यावर घासतो तो आवाज. ती सळसळ ऐकून कोणीही तेच समजला असता. बिचारा आत श्वास रोखून पडून राहिला.

आणि मी दारासमोर उभा राहिलो. पुठ्ठा वाचला. हात उचलला.

इथे मी दहा वर्षं स्वतःला एक गोष्ट सांगत आलोय. ती अशी, की मी नियम पाळला. सामन्याच्या दिवशी झोपलेल्या खेळाडूला उठवायचं नाही. मी जुन्या वळणाचा माणूस, सवयीने हात थांबला. आयर्न फोर्कमधल्या कोणत्याही पंचांसमोर मला उभं करा, ते मला सोडून देतील. बरोबर ना? तुमच्यातले निम्मे आत्ताच माना डोलावतायत.

माना डोलावू नका. खरं ते सांगतो.

त्या दाराशी उभा असताना माझ्या मनात आलं, की वर गेलेला माणूस रविवारी जेवायला येत नाही. एवढंच आलं. दुसरं काहीही नाही. आयलीला जाऊन तीन महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळीच वाटाणे भिजत घातले होते. मी स्वतःला म्हणालो, पाच मिनिटं थांबू, मग वाजवू. पाच मिनिटं झाली. आणखी पाच. मला तो हवा होता, मंडळी. गोल अडवायला नव्हे. माझ्या स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खुर्चीवर हवा होता.

मग मी जिना उतरलो. रिंकवर आलो तेव्हा फोन वाजतच होता. मी उचलला आणि म्हणालो, "दार वाजवलं. उठत नाही."

वाजवलं म्हणालो मी. तो म्हणाला, "मग झोपू दे," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या गावचा पोरगा गेला. मी त्याचं नाव घेत नाही, त्याची काही चूक नाही. तो त्या रात्री खेळला आणि पुढे दोनशेच्या वर सामने खेळला. मोठ्या लीगमध्ये एक रीत आहे. नवा खेळाडू पहिल्यांदा बर्फावर उतरतो तेव्हा बाकीचे सगळे दाराशी थांबतात आणि त्याला एकट्याला एक फेरी मारू देतात. सगळं मैदान त्याचं. त्या पोराने ती फेरी मारली. मी टीव्हीवर पाहिली, आपला सामना संपल्यावर, पुनःप्रक्षेपणात. त्याच्या पायात नवे स्केट्स होते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ओलीच्या स्केट्सना मी लावलेली धार होती.

ओलीला पुन्हा कधी फोन आला नाही. त्यांनी चौकशी केली नाही. कोणत्या गावात कोणता बचावपटू झोपून राहिला, हे वरच्या मजल्यावर कोण लक्षात ठेवतं? आणि इकडून विचारणारं तरी कोण होतं? ओलीचा एजंट म्हणजे त्याचा मामेभाऊ, ट्रॅक्टर विकणारा. मी सामान पुन्हा खुंटीवर लावलं. ओली पाच वाजता आला, माझ्याकडे पाहिलं, पिशवी नाही हे पाहिलं आणि मला घट्ट मिठी मारली. मी म्हणालो, "काय झालं रे?" तो म्हणाला, "काही नाही, म्हाताऱ्या." त्या संध्याकाळी तो असा खेळला, की असा बचाव मी आमच्या रिंकवर आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मला वाटलं, झोप चांगली लागली. दुसऱ्या दिवशी तो जेवायला आला. वाटाण्याचं सूप होतं. तो तीन वाडगी प्याला. म्हणाला, "तुझ्या हातचं मीठ कोणाला मिळत नाही." मी त्याच्या तोंडाकडे बघू शकलो नाही.

कार्यक्रमपत्रिकेत मागच्या पानावर ओलीची कारकीर्द छापली आहे. लँटर्न्सकडून सातशे एकोणीस सामने. मधल्या लीगमध्ये सहा. मोठ्या लीगमध्ये शून्य. छापखान्याची चूक नाही ती. ते शून्य माझं आहे.

आणि ओलेन्युकबाई, आता तुमच्याशी. आज दुपारी तुम्ही माझ्या शेजारी जेवायला बसलात आणि मला म्हणालात, "तुम्ही माझ्या मुलाला सांभाळलंत." मग तुमच्या यजमानांची गोष्ट सांगितलीत. मुलगा तिकडे पैशासाठी खेळायला लागल्यापासून ते दर शनिवारी संध्याकाळी मोठ्या लीगचा सामना बघायला इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसायचे. तुम्ही चेष्टा करायचात, "तुम्हाला काय तिकडून बघणार आहेत का?" तर ते म्हणायचे, "न जाणो, आज बोलावलं तर." तो शनिवारच होता, बाई. त्या दिवशीही शर्ट इस्त्रीचा असेल. पुढे दोन वर्षांनी ते गेले, असं तुम्ही म्हणालात, आणि मला आणखी एक पास्टी वाढलीत. मी ती खाल्ली. कशी खाल्ली, मलाच ठाऊक.

मला काही जण नंतर सांगतील, "रे, तो वर गेला असता तरी टिकला असता कशावरून? एक रात्र खेळून परत आला असता." आला असता कदाचित. मग आज मागच्या पानावर एक लिहिलं असतं. आणि कदाचित रविवारी जेवायलाही आला असता, आणि जेवताना त्या एका रात्रीच्या गोष्टी सांगून माझं डोकं पिकवलं असतं. हा विचार त्या दाराशी माझ्या मनात आलाच नाही. भ्यालेल्या माणसाला फक्त एकच रस्ता दिसतो. आत एक माणूस भ्याला होता की मला घालवून देतील, आणि बाहेर एक माणूस भ्याला होता की हा जाईल. मध्ये एक इंच जाडीचं पाइनचं दार. दोघांपैकी एकानेही तोंड उघडलं असतं तर?

ओली, तू दहा वर्षं मनात माझे आभार मानत राहिलास. माझ्या छपराचा बर्फ काढलास. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी इस्पितळाच्या बाकावर बसून राहिलास आणि नर्सला सांगितलंस की मी तुझा काका आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या क्लबने तुला बोलावलं, चांगली जागा होती, तू गेला नाहीस. मी म्हणालो, "का रे नाही गेलास?" तू म्हणालास, "मी तुझं देणं लागतो." मला वाटलं सुपाबद्दल बोलतोयस. आज कळलं तू कशाबद्दल बोलत होतास. मला वाटायचं, एक दुपार घेतली मी तुझी. हिशेब त्याहून फार मोठा निघाला.

आता रीतीप्रमाणे आभार. हे सभागृह दिल्याबद्दल अग्निशामक दलाचे. बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे. तासभर उभ्या राहून पास्टी गरम करणाऱ्या भगिनींचे, आणि सलगम घातल्याबद्दल विशेष. वाचनालयाच्या बाईंचे आणि त्यांनी तपासलेल्या त्या चार पानांचे, जी मी वाचली नाहीत. ओलेन्युकबाईंचे मी आभार मानू शकत नाही. मला त्यांच्याकडे बघताही येत नाही.

आणि शेवटी प्रत्येक वक्ता म्हणतो, की बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. सदतीस वर्षं मी मागच्या रांगेत बसून हे वाक्य ऐकत आलोय. मला वाटायचं, हे नुसतं खाली बसण्यासाठी असतं. आज मला ते खरोखर म्हणायचं आहे, आणि या सभागृहाला नाही, एकाच माणसाला म्हणायचं आहे. माफ कर म्हणत नाही. ते इथे, इतक्या लोकांसमोर मागितलं तर तुला नाही म्हणता येणार नाही, आणि तुला नाही म्हणता आलं पाहिजे.

तू सोमवारी निघतोयस. तिकडे सास्कॅचेवानला, तुझ्या गावच्या रिंकवर बर्फ सारखा करणारं यंत्र चालवणार आहेस. चांगलं काम आहे. त्यात माणूस मैदानावर एकटाच फिरतो. तुझी बॅग मी भरून ठेवली आहे. क्लबची मोठी बॅग, ट्रेगिअरसाहेबांना विचारलेलं नाही. स्केट्सना धार लावली आहे.

उद्या रविवार आहे. दुपारी एक वाजता, तुझ्या झोपेच्या वेळेला, मी ती बॅग घेऊन तुझा जिना चढेन. माझा पाय घासतो, तुला ऐकू येईलच. पुठ्ठा असला तरी मी दार वाजवीन. उघडायचं की नाही, ते तू ठरव. नाही उघडलंस तर बॅग दाराशी ठेवून मी घरी जाईन आणि एक ताटली विसळीन. पण या वेळी वाजवीन, ओली.